डोंगर वनखात्याचा, अंगण आपलं

दरवर्षी फेब्रुवारी सरत आला की नाशिकच्या वर्तमानपत्रांत एक ठरलेली बातमी येऊ लागते. आज ब्रह्मगिरीला वणवा, परवा अंजनेरीला, पुढच्या आठवड्यात पांडवलेण्याच्या मागच्या अंगाला नाहीतर चामरलेण्याच्या उतारावर. सोबत रात्री काढलेला फोटो असतो, काळाकुट्ट डोंगर आणि त्यावर नागमोडी नारिंगी रेघ. खाली मजकूर असतो की वनसंपदेचं नुकसान झालं, आग कोणी लावली ते समजलं नाही, वनकर्मचारी आणि काही तरुणांनी मध्यरात्रीपर्यंत डहाळ्यांनी झोडपून ती विझवली. आपण हळहळतो, फोटो दोन-चार ग्रुपवर पुढे ढकलतो आणि झोपी जातो.

या बातम्यांत मला एक गोष्ट कायम खटकत आली आहे. त्यांत झाडं असतात, पक्षी असतात, सरपटणारे जीव असतात. घर क्वचितच असतं. जणू वणवा ही डोंगराची आणि वनखात्याची आपसातली बाब आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. नाशिकच्या आसपास वणवा हा आता घराचाही प्रश्न झाला आहे, आणि त्यापासून घर वाचवण्याचं बरंचसं काम घरमालकाच्या हातात आहे. ते काम आग लागल्यावर करायचं नसतं, महिना-दोन महिने आधी करायचं असतं, आणि त्याला लागतो एक विळा, दोन माणसं आणि एक रविवार.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हे शहर कुठे कुठे पसरलं ते आठवून पाहा. आमच्या लहानपणी शहर सातपूरपाशी संपायचं आणि त्र्यंबकच्या वाटेला दोन्ही बाजूंना माळ असायचा. आता बेळगाव ढगा, महिरावणी, तळेगाव, अंजनेरीचा पायथा, तिकडे गंगापूर धरणाच्या वरच्या अंगाला गिरणारेपर्यंत प्लॉट पडले आहेत. फार्महाऊस आहेत, होमस्टे आहेत, ‘निसर्गाच्या कुशीत’ असं पाटीवर लिहिलेली रिसॉर्ट आहेत. सिंहस्थ जवळ आला म्हणून त्र्यंबकच्या वाटेवर बांधकामाला आणखी जोर चढला आहे. डोंगर पोखरण्यावरून इथे आंदोलनं झाली, ती व्हायलाच हवी होती, पण तो आजचा विषय नाही. आजचा विषय एवढाच की निसर्गाच्या कुशीत घर बांधलं की निसर्गाची आगही शेजारी राहायला येते, आणि ही गोष्ट प्लॉट विकणारा सांगत नाही.

आमच्या जुन्या नाशकातल्या बऱ्याच लोकांनीही दुधबाजार, चौक मंडई, कोकणीपुऱ्यातली दाटी सोडून तिकडे गुंठा-दोन गुंठे घेऊन ठेवलेत. त्यांच्यापैकी एकाला मी विचारलं की तुमच्या प्लॉटवर छातीइतकं गवत वाळलंय, कापून का घेत नाही? तो म्हणाला, “घास ही तो है मियाँ, जलती है तो जलने दो, अगले साल और अच्छी आएगी.” हे उत्तर मी मराठीतही ऐकलंय, मारवाडीतही ऐकलंय.

आधी या उत्तराला जेवढा मान द्यायला हवा तेवढा देतो. सिमेंट-विटांचं, वर स्लॅब टाकलेलं घर गवताच्या वणव्यात सहसा जळत नाही. अमेरिकेत लाकडी सांगाड्याची घरं असतात, तशी आपली नाहीत. गवताची आग झपाट्याने येते आणि एका जागी फार वेळ थांबत नाही. भिंत काळवंडते, रंग जातो, काच तडकते, आणि आग पुढे निघून जाते. तेव्हा बंगल्याचा मालक बेफिकीर राहिला तर त्याला अगदीच वेड्यात काढता येत नाही.

पण घर म्हणजे काय फक्त भिंती? बंगल्याच्या मागे जनावरांचा गोठा असतो, त्यावर पेंढा रचलेला असतो. विहिरीवरची मोटार आणि तिची केबल असते. प्लास्टिकची पाण्याची टाकी असते. शेतात ठिबकच्या नळ्या पसरलेल्या असतात, शेडनेट असतं. वीजमीटरची पेटी कुंपणालगत असते आणि तिच्याखालीच गवत सगळ्यात उंच वाढलेलं असतं, कारण तिथे विळा घालायला माणूस घाबरतो. द्राक्षाच्या बागा असणाऱ्यांचं तर वेळापत्रकच उलटं पडतं. खरड छाटणी एप्रिलमध्ये होते आणि छाटलेल्या काड्यांचे ढीग ऐन वणव्याच्या दिवसांत बांधावर वाळत पडतात. ज्यांनी काड्यांचा चुरा करून बागेतच गाडायला सुरुवात केली त्यांनी जमिनीचं भलं केलं, आणि नकळत घराचंही.

शिवाय ज्यांना आपण सरसकट ‘घरमालक’ म्हणतो त्यांत पेठ, सुरगाणा, हरसूलकडचे पाडेही येतात. तिथली सगळी घरं स्लॅबची नाहीत. कारवीच्या कुडाची भिंत, वर शेणमातीचा लेप, छपराला कौलं किंवा गवत, अशी घरं अजून पुष्कळ आहेत. तिथे “घास ही तो है” म्हणून चालत नाही.

घर पेटतं कसं, हे नीट समजून घेतलं की बाकीचं सोपं होतं. आपल्या डोळ्यांसमोर चित्र असतं ते असं की ज्वाळांची भिंत चालून येते आणि घर गिळते. तसंही होतं, पण फार घरं तशी जात नाहीत. अमेरिकेच्या वनखात्यात जॅक कोहेन नावाचा शास्त्रज्ञ होता, त्याने अख्खी हयात याच एका प्रश्नावर घातली. गेल्या शतकाच्या अखेरीस कॅनडाच्या उत्तरेकडच्या जंगलात मुद्दाम लावलेल्या प्रचंड वणव्यांसमोर त्याने लाकडी भिंतीचे तुकडे उभे केले, कुठे १० मीटरवर, कुठे २०, कुठे ३०. शेंड्यापर्यंत पेटलेल्या झाडांची आग होती ती, आपल्या गवताच्या कितीतरी पट. १० मीटरवरच्या भिंतींपैकी काही पेटल्या. २० आणि ३० मीटरवरच्या पेटल्या नाहीत. म्हणजे नुसत्या झळीने घर पेटवायचं तर आग अगदी अंगाशी यावी लागते.

मग एवढी घरं जळतात ती कशाने? ठिणग्यांनी. वाऱ्यावर उडणारी जळती पानं, काटक्या, सालीचे तुकडे आगीच्या कितीतरी पुढे जाऊन पडतात. पन्हळीत साचलेल्या पाल्यात, पडवीतल्या सरपणात, कौलांच्या फटीतून माळ्यावर, खिडकीखालच्या वाळक्या झुडपात. तिथे ती गुपचूप धुमसतात. आग डोंगरावरून निघून गेलेली असते, लोक परतलेले असतात, आणि तासा-दोन तासांनी घर पेटतं. कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज हे गाव नोव्हेंबर २०१८ मध्ये असंच गेलं. ८५ माणसं मेली, १८ हजारांहून जास्त घरं-इमारती राख झाल्या. त्यानंतरचे फोटो पाहिले तर अंगावर काटा येतो, कारण घरांच्या जागी राख आहे आणि शेजारची पाइनची झाडं हिरवी उभी आहेत. जंगलाने घरं जाळली असती तर आधी झाडं जळाली असती. तिथे ठिणगीने एक घर पेटलं आणि त्या घराने पुढचं पेटवलं. २०२३ मध्ये हवाई बेटांवरचं लाहायना आणि जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजलिसची उपनगरं गेली, तिथेही हेच दिसलं.

आता ही नजर घेऊन आपल्याकडच्या पाड्यावरच्या घराकडे पाहा. मार्च ते मे हा सरपण भरण्याचा हंगाम. पावसाळ्याच्या चार महिन्यांची लाकडं उन्हाळ्यातच तोडून, फोडून रचावी लागतात, आणि ती कुठे रचतात? घराच्या भिंतीला लागून, वळचणीखाली, कारण पहिल्या वळवात भिजू नयेत. पेंढाही घराशेजारच्या मांडवावर, कारण जनावरांना घालायला सोयीचा. म्हणजे जी वस्तू सगळ्यात लवकर पेटते ती आपण सगळ्यात धोक्याच्या दिवसांत घराच्या अंगाला चिकटवून ठेवतो. यात मूर्खपणा काही नाही, सोय आहे, आणि सोयीविरुद्ध सल्ला देणं अवघड असतं. तरी सांगतो, कारण सांगायला हवं. सरपण रचा, पण घरापासून दहा-पंधरा पावलांवर. पावसाची भीती आहे तर वर पत्रा टाका. मिरग जवळ आला, डोंगर एकदा भिजला, की मग पडवीत आणा. वणव्याचा हंगाम आणि पावसाचा हंगाम यांच्यात आठवडाभराची फट असते, ती फट या कामाला पुरते.

कुडाच्या भिंतीबद्दलही तेच. शेणमातीचा लेप हे आपल्या लोकांनी शोधलेलं उत्तम अग्निरोधक आहे, त्याला बाजारातल्या कुठल्या रंगाची सर नाही. पण दिवाळीला सारवतो तो दर्शनी भाग. मागची भिंत, जी डोंगराकडे तोंड करून असते, तिचे पोपडे निघालेले, कारवी उघडी पडलेली. शिमग्याच्या आधी ती मागची भिंत जमिनीपासून वळचणीपर्यंत लिंपून घेतली तर ठिणगीला धरायला जागा राहत नाही.

वणवा लावतं कोण, यावर आपल्याकडे तावातावाने बोललं जातं आणि बोट लगेच आदिवासींकडे जातं. राब भाजतात, मोहाची फुलं वेचायला खालचा पाला जाळतात, शिकारीसाठी गवत पेटवतात. यातलं काही खरं आहे. नागली आणि भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा, शेण, काटक्या पसरून जमीन भाजणं ही या पट्ट्यातली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे आणि वारा फिरला तर राबाची आग बांध ओलांडते. पण ज्यांनी राब भाजताना पाहिलंय त्यांना ठाऊक आहे की जाणता माणूस आधी कडेचं गवत खरडून घेतो, वारा पडलेला पाहतो, हाताशी डहाळ्या ठेवतो आणि आग विझेपर्यंत तिथून हलत नाही. ही शिस्त गडावर शेकोटी करून न विझवता निघून जाणाऱ्या शहरी पोरांत मला दिसत नाही. चालत्या गाडीतून सिगारेटचं थोटूक फेकणाऱ्यात दिसत नाही. प्लॉट साफ करायचा म्हणून भर दुपारी काडी लावणाऱ्या मालकात तर मुळीच नाही.

राखीव जंगलात आग लावणं हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ खाली गुन्हा आहे. कायदा आहे, शिक्षा आहे, पण काडी ओढणारा हात कोणी पाहिलेला नसतो. म्हणून मला ‘लावली कोणी’ या चर्चेत फार रस नाही. कोणीही लावो, ती माझ्या अंगणात काय खाऊन जगणार आहे, एवढाच प्रश्न माझ्या आवाक्यातला आहे.

वनखातं काय करतं? करण्यासारखं बरंच करतं. उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतात, म्हणजे जंगलात ठरावीक पट्ट्यातलं गवत कापून किंवा देखरेखीखाली जाळून मोकळी जागा तयार करतात. गावकरी त्याला जाळपट्टा म्हणतात. पाला उडवायची यंत्रं आता पुष्कळ ठिकाणी आली आहेत. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून उपग्रहाने टिपलेल्या आगींचे संदेश मोबाईलवर येतात, ही सोय २००४ पासून वाढत वाढत आली आहे, आणि नोंदणी केली तर सामान्य माणसालाही ते मिळतात. पण उपग्रह दिवसातून काही वेळाच वरून जातो, आणि त्यातल्या चांगल्या यंत्राच्याही नकाशावरचा एक ठिपका पावणेचारशे मीटर लांब-रुंद असतो, म्हणजे जवळपास पस्तीस एकर. त्या ठिपक्यात तुमचा गोठा कुठे आहे ते उपग्रहाला कळत नाही. अग्निशमन दलाचं मुख्य केंद्र शिंगाडा तलावावर. तिथून त्र्यंबक सुमारे ३० किलोमीटर. बंब निघाला, गर्दीतून सुटला, तुमच्या फार्महाऊसच्या कच्च्या रस्त्यावर वळला आणि पुढे गेटच इतकं अरुंद की आत जाता येईना, असं झालं तर दोष कोणाचा? एवढ्यात गवताचा वणवा चढणीवर कुठल्या कुठे जातो. ऑस्ट्रेलियातला एक जुना ठोकताळा आहे की उतार १० अंशांनी वाढला की वर चढणाऱ्या आगीचा वेग दुप्पट होतो. आपल्याकडचे सगळे ‘व्ह्यू’वाले बंगले नेमके अशा चढावर, डोंगराच्या खांद्यावर बसवलेले आहेत.

म्हणून जाळपट्टा घरालाच काढायचा. खूप मोठा नाही. भिंतीपासून दीड-दोन मीटर तर काहीच पेटणारं नको. तिथे फरशी असू दे, मुरूम असू दे, सारवलेलं अंगण असू दे. कॅलिफोर्नियात आता या पहिल्या पाच फुटांसाठी वेगळा नियमच करत आहेत, आणि मला हसू येतं, कारण आपल्या आज्या-नान्या रोज सकाळी हेच करत होत्या. झाडलेलं, सारवलेलं अंगण म्हणजे दुसरं काय? आपण ते सोडलं आणि भिंतीला टेकून मोरपंखीच्या रांगा लावल्या. मोरपंखी दिसते हिरवी, पण आत हात घालून पाहा, वाळक्या पानांचा चुरा भरलेला असतो. तीच गत बांबूची आणि पाम झाडांच्या लोंबणाऱ्या वाळक्या झावळ्यांची. रिसॉर्टवाल्यांनी तर हौसेने गवताची छत्रीवजा छपरं उभी केलीत आणि त्यांच्याखाली पाहुण्यांसाठी चूल. यावर मी काही बोलत नाही.

त्या दीड-दोन मीटरच्या पलीकडे दहा मीटरपर्यंत गवत चार बोटांपेक्षा उंच नको. डोंगराचा उतार ज्या बाजूने घराकडे चढत येतो त्या बाजूला हे अंतर दुप्पट करा, कारण आग तिकडूनच येईल. झाडं तोडायची गरज नाही, हे ठासून सांगतो, नाहीतर माझा लेख दाखवून कोणीतरी आंब्यावर कुऱ्हाड चालवायचा. फक्त खालच्या, जमिनीला टेकलेल्या फांद्या डोक्याइतक्या उंचीपर्यंत छाटा, म्हणजे गवताची आग झाडावर चढणार नाही. केळी, पपई, कोरफड ही पाणीदार झाडं घराजवळ असू द्या. कुंपणाला निवडुंग किंवा शेर लावायची जुन्या लोकांची पद्धत होती, ती काय वाईट होती? कापलेलं गवत मात्र जाळू नका. जनावरांना घाला, खड्ड्यात घालून खत करा. मार्च महिन्यात अंगणातला कचरा पेटवणं हे वणव्याला घरपोच आमंत्रण आहे.

छताकडे एकदा शिडी लावून बघा. कौलांच्या फटी, पत्र्याच्या नागमोडीखालची भोकं, माळ्याचा झरोका, इथून ठिणगी आत शिरते आणि आत आपण जुनी वर्तमानपत्रं, गाद्या, पोती साठवलेली असतात. तारेची बारीक जाळी ठोका, भोकं तीन मिलीमीटरपेक्षा मोठी नकोत. डासांसाठी लावतो ती प्लास्टिकची जाळी उपयोगाची नाही, ती झळीनेच वितळते. पन्हळ झाडून घ्या. सागाची झाडं जवळ असतील तर फेब्रुवारी-मार्चमध्ये दर आठवड्याला झाडावी लागेल, कारण तेव्हाच सागाची पानगळ असते आणि एकेक पान सुपाएवढं.

पाणी. आग लागली की वीज बंद करतात, मग बोअरची मोटार चालत नाही. तेव्हा दोनशे लिटरचं एक पिंप भरून, झाकून, बादली आणि भिजवायला दोन गोणपाटं सोबत ठेवून द्या. गाडी तोंड रस्त्याकडे करून लावायची. म्हातारी माणसं आणि लेकरं आधी बाहेर काढायची, धूर दिसताच, ज्वाळा दिसण्याची वाट न पाहता. समोरून उलटी आग लावून वणवा थोपवायचा प्रयोग घरच्या माणसाने करू नये, ते जाणत्यांचं काम आहे. १०१ आणि वनखात्याचा १९२६ हे दोन्ही क्रमांक दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.

आणि जनावरं. याबद्दल दोन वाक्यं जास्त लिहितो. गोठ्याला आग लागली की गाय मरते ती बहुधा पळता न आल्याने, दाव्याला बांधलेली असते म्हणून. दाव्याची गाठ एका हिसक्यात सुटेल अशी मारा, साखळी नको. गोठ्याच्या बाहेरच्या खांबाला एक धारदार कोयता कायम अडकवलेला असू द्या आणि तो कुठे आहे ते घरातल्या पोरांनाही माहीत असू द्या. जळत्या गोठ्यात कोणी गाठी सोडत बसू शकत नाही.

मदिनेत एका रात्री एक घर आतल्या माणसांसकट जळालं, तेव्हा पैगंबरसाहेबांनी झोपण्याआधी आग विझवत जा असं सांगितल्याची हदीस बुखारीत आहे. आमच्याकडे ती पुष्कळांना पाठ असते. मला त्यात लक्षात राहतं ते हे, की सांगणं कोणा अधिकाऱ्याला नव्हतं, घरात झोपणाऱ्याला होतं.

विम्याबद्दल थोडक्यात. पूर्वीच्या सर्वसाधारण आग विम्यात जंगलातल्या वणव्याचं संरक्षण जादा हप्ता देऊन घ्यावं लागायचं. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने ठरवून दिलेली ‘भारत गृह रक्षा’ ही घराची पॉलिसी आली, तिच्यात वणव्याची आग मुळातच धरलेली आहे. फार्महाऊसवाल्यांनी आपली पॉलिसी काढून एकदा वाचावी, विशेषतः गोठा, शेड, मोटार यांचा तिच्यात उल्लेख आहे की नाही ते.

पण विमा हा बंगल्याचा उपाय झाला. त्याच बंगल्याच्या कोपऱ्यात राखणदाराची झोपडी असते. बहुतेक वेळा तो पेठ किंवा सुरगाण्याहून आलेला, बायको-पोरांसह राहणारा माणूस. चार वासे, वर ताडपत्री, बाजूला शेडनेटचे तुकडे, भिंतीऐवजी जुने फ्लेक्स. आत चूल, आणि चुलीच्या मागे सरपण. मालकाचा बंगला सिमेंटचा, त्याला वणवा शिवून जातो. ताडपत्रीला ठिणगी पुरते. केंद्राच्या आपत्ती मदतीचे २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीचे निकष काढून पाहिले तर डोंगरी भागात पूर्ण पडलेल्या किंवा जळालेल्या घराला १ लाख ३० हजार रुपये आहेत, सपाटीवर १ लाख २० हजार. झोपडीला ८ हजार. ज्याचं घर सगळ्यात सहज पेटतं त्याला सगळ्यात कमी, आणि तेही पंचनामा झाला तर. दुसऱ्याच्या जमिनीवरच्या, कुठल्याच कागदावर नसलेल्या झोपडीचा पंचनामा कसा होतो हे ज्यांनी पाहिलंय त्यांना जास्त सांगायला नको.

म्हणून “घास ही तो है” म्हणणाऱ्या माझ्या त्या परिचिताचं मला पटत नाही. त्याच्या प्लॉटवर जाळण्यासारखं त्याचं काही नाही, हे खरंच आहे. पण त्याच्या छातीइतक्या गवतातून आग ज्या दिशेला जाईल त्या दिशेला तीन झोपड्या आहेत. मोकळा प्लॉट हा वणव्याचा रस्ता असतो. मुंबईत, पुण्यात किंवा आमच्या जुन्या नाशकात राहून ज्यांनी डोंगरालगत जमिनी घेऊन ठेवल्यात, वर्षातून एकदा सीमा बघायला येतात, त्यांनी डिसेंबरात गवत कापून नेलं तर शेजारच्यांची जनावरं खातील आणि मार्चमध्ये जळायला काही उरणार नाही. कापायला वेळ नसेल तर शेजारच्या पाड्याला सांगा, फुकट घेऊन जा म्हणून. ते घेऊन जातात, मी पाहिलंय. नुसतं विचारायचं असतं.

ग्रामपंचायतींनीही यात हात घालायला हवा. शहरात मोकळ्या भूखंडावर झाडोरा माजला की मालकाला नोटीस जाते, साप निघतात आणि डास होतात म्हणून. डोंगरालगतच्या गावांनी जानेवारीच्या ग्रामसभेत एक ठराव करावा की फेब्रुवारी संपायच्या आत ज्याने गवत कापलं नाही त्याच्या प्लॉटचं गवत गाव कापील आणि खर्च त्याच्या नावावर मांडला जाईल. हा ठराव किती टिकेल, कोण पैसे भरेल, हे वकील सांगतील. पण ठराव वाचून दाखवला गेला, नावं घेतली गेली, की निम्मे लोक लाजेखातर विळा पाठवतील असा माझा अंदाज आहे.

राखणदाराच्या झोपडीचं मात्र कोणत्याही ठरावाची वाट न पाहता करता येईल. ताडपत्रीऐवजी सहा पत्रे, भोवती चार पावलं खरडलेली मोकळी जागा, सरपण कुंपणाच्या पलीकडे, आणि पाण्याचं एक पिंप. बंगल्याच्या लॉनवर एका महिन्यात जेवढा खर्च होतो, त्याहून हे जास्त नसावं.